जागा ठेवावी

फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
संग्रहालयाच्या तळघरात मी, एक हीटर,
आणि पडद्यावर निळी पट्टी :
स्थलांतर सुरू आहे, ६१ टक्के.
तासभर ६१.

दक्षिण एस्टोनियातलं आमचं गाव एवढंसं,
कुणी बसला आलं नाही तर ड्रायव्हर घरी फोन करतो.
जुनी आवृत्ती बंद होणार, असं पत्र
तीन वर्षं येत होतं, आणि संचालक रेएत
दर वेळी म्हणायची : चालतंय ना? मग!

चालत होतं, कारण काल्यू होता.
चौदा वर्षं एकट्यानं ठिगळावर ठिगळ लावत
त्यानं त्या वेबसाइटची गोधडी करून टाकलेली.
कोड उघडला की आत त्याच्या चिठ्ठ्या :
"याला हात लावू नका."
"हे का चालतं माहीत नाही. चालतं."
"आज मुलगी झाली. बाकीचं उद्या."
बाकीचं तसंच राहिलेलं.
सप्टेंबरात तो गेला. पासवर्ड त्याच्या बायकोनं सांगितला :
कुत्र्याचं नाव, आणि कुत्रा मेला ते साल.

पहिल्या खेपेला नुसता पांढरा पडदा.
चूक नाही, सूचना नाही,
खिडकीतून दिसतं तितकंच पांढरं.
दुसऱ्या खेपेला आमचा एक स्वर गेला,
डोक्यावर लाट असलेला तो ओ,
जो परक्यांना जन्मात जमत नाही.
त्याच्या जागी प्रश्नचिन्हं.
अख्खं गाव स्वतःचं नाव विचारत बसलं.
मी शिव्या दिल्या. त्यांतही तो स्वर होता,
तोंडात तरी शाबूत.

तिसऱ्या खेपेला सगळं आलं.
अकराशे त्रेचाळीस नोंदी, हिरवी खूण.
मी रेएतला कळवलं, झालं, आणि घरी जाऊन झोपले.

सकाळी एर्नाचा फोन. वय अठ्ठ्याऐंशी, आवाज खणखणीत.
"माझ्या भावाखाली लिहिलंय :
उत्कृष्ट दुभती गाय, जिल्हा प्रदर्शन, दुसरा क्रमांक."
जरा थांबून म्हणाली,
"त्याला दुसरा क्रमांक कधी चालला नसता."

धावत आले. पाहते तर ओळी एकेक घर सरकलेल्या.
नवरी झालेली दूध डेअरी,
चर्चमधला वाजंत्री झालेला बर्फाखालचा पूल.
४११पर्यंत सगळं ठीक. तिथून पुढे
प्रत्येकजण शेजाऱ्याच्या नावानं उभा,
आणि शेवटची एक ओळ फोटोविना,
स्टेशनावर राहून गेलेल्या बोचक्यासारखी.

४१२वर अग्निशामक दलाची झकपक गाडी.
खाली लिहिलेलं : "फोटो नाही."
मला हसू आलं. एवढी लाल गाडी, आणि फोटो नाही!
मग पुढचं वाचलं.

"वाइके पर्टेल, वय सहा. मार्च एकोणपन्नास.
घरातून नेलं तेव्हा फोटोही गेले.
जागा ठेवावी."

वाइके म्हणजे आमच्या भाषेत शांत.
नव्या व्यवस्थेला रिकामी चौकट दिसली,
तिनं ती कचरा समजून काढली
आणि सगळ्यांना म्हटलं, सरका पुढे.
यंत्राला बोल तरी काय लावायचा,
माणसांनीही आधी तेच केलेलं.

काल्यूची चौकट पुन्हा घालायला गेले.
तांबड्या अक्षरांत उत्तर : चित्र आवश्यक आहे.
रिकामं ठेवून पाहिलं. चित्र आवश्यक आहे.
एक टिंब टाकून पाहिलं. फार लहान आहे.
दुपारभर हुज्जत घातली, नियम उसकटले,
एक प्लगइन मोडलं, दोन दुसरी त्यामुळे मोडली,
तिकिटांचं पान अजून बंद आहे.
रेएत दारात येऊन म्हणाली, एका पोरीसाठी?
मी म्हटलं, सातशे एकतीस जणांसाठी,
ती जागेवर असेल तरच ते जागेवर राहतात.
ती कोट काढून शेजारी बसली.

सहाच्या सुमाराला चौकट टिकली.
आत काही नाही. करडी कड, खाली नाव.
पुढच्या घरात लाल गाडी, आणि बरंच पुढे
एर्नाचा भाऊ, त्याच्या स्वतःच्या नावानं.
फक्त काही ओळींत लाटेचा ओ
अजून प्रश्नचिन्ह होऊन बसलाय. तो उद्या.

जाताना कोडमध्ये, काल्यूच्या चिठ्ठीखाली
मी माझी पहिली चिठ्ठी लिहिली :
"इथं रिकामं आहे. चूक नाही."